जरा गोड करून लिही

शेठ आणि सुभानराव यांचं भांडण कुसुमावतीने ऐकलं ते काळ्या पडद्याच्या अलीकडे उभं राहून, हातात जेवणाचा डबा धरून. सुभानराव सकाळी डबा घरीच विसरले होते, म्हणून ती तरसालीहून बस पकडून रावपुऱ्यात आली होती. शेठचा फोटो स्टुडिओ म्हणजे पुढे काउंटर, मागे फोटो काढायची खोली आणि तिच्याही मागे अंधारखोली. त्या अंधारखोलीत सुभानरावांनी सव्वीस वर्षं काढली होती. फोटो काढायचे दुसऱ्यांनी, छापायचे यांनी. लाल दिव्याखाली औषधाच्या पाण्यात कागद हलवत बसायचं आणि हळूहळू कुणाचं तरी तोंड वर येतंय ते बघायचं. बडोद्यातल्या निम्म्या नवऱ्यामुलींची तोंडं त्यांच्या हाताखालून गेली होती, पण एकाही फोटोमागे त्यांचं नाव नव्हतं.

साल होतं ब्याण्णव. परदेशी माल नुकताच खुला मिळायला लागला होता आणि अलकापुरीतल्या एका कारखानदाराने जपानी कॅमेरा घेतला होता. स्वतः काढलेला मुलीचा फोटो मोठा करून न्यायला तो आला आणि काउंटरवर उभ्या सुभानरावांना विचारून बसला, कसा आहे?

"तमे मारी दुकान बंध करावशो!" शेठ ओरडत होते. "काय सांगितलंत त्यांना?"

"कॅमेरा चांगला आहे म्हटलं."

"आणि मग?"

"मग ते म्हणाले, फोटोचं विचारतोय. मग सांगितलं. मुलीने डोळे मिटलेत आणि मागच्या कुंडीतलं झाड तिच्या डोक्यातून उगवलंय."

"अरे, त्यांच्या घरात तीन लग्नं आहेत! गिऱ्हाईक विचारतं ते ऐकायला नाही विचारत, सुभानराव. सरस म्हणायचं, बहु सरस म्हणायचं आणि पाकीट हातात द्यायचं."

"मग त्याच्या फोटोंत जन्मभर डोक्यातून झाडं उगवतील, शेठ."

"उगवू दे ना! तुमच्या डोक्यातून उगवतंय का?"

यावर सुभानरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण ते म्हणाले, "तुमच्या काउंटरवरचा तो मोठा फोटो आहे ना, तुमच्या वडिलांचा, तोही एकदा नीट छापू या. कान हरवलाय त्यांचा."

झालं. सव्वीस वर्षांची नोकरी, डब्यातलं वरण निवायच्या आत संपली. पडदा बाजूला करून सुभानराव बाहेर आले, तिला बघितलं, तिच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाले, "चल, घरीच जेवू."

तो घास कुसुमावती पुढे कितीतरी वर्षं गिळत होती. नवरा दारू पिणारा असता तर चार बायकांत सांगता आलं असतं. खरं बोलतो म्हणून नोकरी गेली, हे कुणाला सांगायचं आणि कुठल्या तोंडाने रडायचं? दुसऱ्या स्टुडिओंतही कुणी ठेवलं नाही. रंगीत फोटो छापायची यंत्रं आली होती, त्यांना अंधारही लागत नव्हता आणि माणूसही.

तिसरी इयत्ता शिकलेली ही बाई मग कंबर कसून उभी राहिली. थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट. बडोद्यातली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीत व्यवहार करतात, पण दिवाळीला त्यांना चकली लागतेच, आणि नोकरी करणाऱ्या सुनांना भाजणी भाजायला वेळ नसतो. ती भाजायची आणि सुभानराव दर बुधवारी सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून घंटीवर दळून आणायचे. घंटी म्हणजे पिठाची गिरणी, तिकडे सगळे घंटीच म्हणतात. दळण निघालं की सुभानराव चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटात धरून चोळायचे आणि घंटीवाल्याला सांगायचे, "आज गरम निघालं," किंवा "जाड आहे, दगडाला टाकी लाव." आणि आश्चर्य म्हणजे घंटीवाला छिन्नी घेऊन दगडाला टाकी लावायचा. बडोद्यात त्यांचं ऐकणारा एवढा एकच माणूस उरला होता.

घरी आल्यावर ते डबा उघडून तिच्यासमोर धरत. "बघ. कसं आहे?"

"छान आहे की," ती पोळी लाटता लाटता म्हणे. डब्यात डोकावायचीसुद्धा नाही.

कपाटात मात्र एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या निगेटिव्ह होत्या. हे घराणं संस्थानच्या रिसाल्यातलं. सुभानरावांचे वडील फत्तेसिंहराव घोडदळात होते. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली, घोडे गेले, आणि तरुणपणीच पेन्शनीत निघालेली ही माणसं जुने कोट पेटीत घालून घरी बसली. एकाहत्तर साली, उसना कॅमेरा घेऊन, सुभानरावांनी अशा बावीस म्हाताऱ्यांचे फोटो काढले होते. ज्याचे त्याने कोट चढवून, ज्याच्या त्याच्या अंगणात. त्यांनी स्वतः काढलेलं आयुष्यातलं काम म्हणजे एवढंच. वडिलांचा भिंतीवर टांगलेला एक सोडला, तर बाकीचे त्यांनी कुणाला दाखवले नव्हते. दाखवणार कुणाला? शेठला?

एकदा भाजणी चाळता चाळता ते म्हणाले होते, "कुणीतरी जाणकार माणसाने हे बघून एकदा सांगायला पाहिजे गं. चांगलं म्हणून नाही. काय चुकलं ते. म्हणजे मला कळेल, मी नुसता छापणारा होतो की काही दिसतही होतं मला."

"तुम्हाला सगळ्यांचंच दिसतं," ती म्हणाली होती. "तेच तर झालंय."

मग दोन हजार पाच साली घरात संगणक आला. मुलगा शुभंकर कोयलीला रिफायनरीत कंत्राटदाराकडे होता, सून निरुपमा विम्याच्या कचेरीत. तिची बोटं कीबोर्डवर मोगऱ्याची फुलं वेचावीत तशी चालत. एका रविवारी तिनेच शोधून काढलं की फोटो काढणाऱ्यांचं एक मंडळ इंटरनेटवर आहे. नाव लांबलचक इंग्रजी होतं, घरात सगळे त्याला मंडळच म्हणत. देशभरची माणसं आपापले फोटो तिथे लावत आणि एकमेकांच्या फोटोंवर मत देत. नियम होता, आपला एक फोटो लावायचा तर दुसऱ्यांच्या दोन फोटोंवर मत लिहायचं.

"म्हणजे विचारणार तेच?" सुभानरावांनी खात्री करून घेतली. "आपणहून?"

"हो बाबा. त्याच्यासाठीच आहे ते."

"ऐकलंस का गं?" ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. "माणसं आपणहून विचारतात!"

त्यांचं इंग्रजी फिल्मच्या खोक्यावरचं. अक्षरं लागत, ओळ लागत नसे. तेव्हा असं ठरलं, की संध्याकाळी कचेरीतून आल्यावर निरुपमाने चहा घ्यायचा, फोटो उघडायचे, बाबांनी मराठीत सांगायचं आणि तिने इंग्रजीत लिहायचं. पहिल्याच दिवशी सुरतेच्या एका माणसाचा समुद्रावरचा सूर्यास्त निघाला. सुभानराव बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लिही. सूर्याने स्वतःचं काम चोख केलंय. तुम्ही काय केलंत? क्षितिज उतरतं आहे, समुद्र डावीकडे सांडेल."

निरुपमा हसली आणि तिने तसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सुरतेहून पानभर उत्तर आलं. तुम्ही कोण लागून गेलात, तुमचा कॅमेरा कोणता, तुमचे फोटो कुठे छापून आलेत. मंडळाच्या चालकांनीही खाली समज दिली की भाषा सांभाळा, नाहीतर काढून टाकू.

सुभानराव खूश! "भांडला म्हणजे वाचलं त्याने. आता पुढच्या वेळी समुद्र सरळ काढतो की नाही बघ."

पण कुसुमावतीच्या हातातली कढई खाली ठेवली गेली. काढून टाकू, हे शब्द तिने आधी एकदा ऐकले होते, काळ्या पडद्याच्या अलीकडून. तिने निरुपमाला आत बोलावलं, नळ सोडला म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये, आणि म्हणाली, "सूनबाई, ते सांगतील ते सांगू देत. तू जरा गोड करून लिही."

"म्हणजे खोटं, आई?"

"खोटं कुठे? साखर घालायची. त्यांना या वयात परत कुणी हाकललं तर ते कुठे जातील सांग बरं. आणि येईल तेही जरा चाळून घे. वाकडं असेल ते चाळणीत राहू दे."

निरुपमा बिचारी दोन नोकऱ्या करत होती, एक कचेरीतली, एक घरातली. तिसरीत भांडणं नसली तर तिलाही बरंच होतं.

तेव्हापासून घरात मोठी शांतता नांदली. सुभानराव खुर्चीच्या मागे उभे राहून बोलत, भात शिजेल इतका वेळ बोलत. या माणसाने उन्हाकडे पाठ करायला हवी होती, ही बाई हसते आहे पण तिचा हात हसत नाही, या देवळाचा कळस कापून काय मिळवलंस बाबा. आणि निरुपमाची बोटं वाजत आठदहा वेळा. टक टक टक, संपलं. कुसुमावतीला इंग्रजी येत नव्हतं, पण कान होते. एवढं लांब बोलणं एवढ्या थोड्या टकटकीत कसं मावतं, हे तिला कळत होतं. सुभानरावांना वाटे, इंग्रजी भाषाच आखूड असेल.

"काय म्हणतो तो सुरतवाला?"

"आभार मानलेत, बाबा."

"बघ! माणूस सुधारतो. शेठला सांगायला पाहिजे होतं."

त्या मंडळात पुण्याचे एक भास्करराव होते. जन्म फोटो काढण्यात गेलेला म्हातारा माणूस, लिहायचा फार थोडं. त्यांचा एक फोटो सुभानरावांनी पहिल्यांदा बघितला, रिकाम्या बाकावर ठेवलेल्या चपलांचा, आणि ते चक्क खुर्ची ओढून खाली बसले. "या माणसाला दिसतं," ते म्हणाले. त्या दिवसापासून आपला एकेक म्हातारा शिपाई ते मंडळात लावू लागले आणि रोज संध्याकाळी पहिला प्रश्न तोच, "भास्कररावांनी काही लिहिलं?" बाकीचे काय म्हणतात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बिस्किटांचा डबा त्यांनी जणू त्या एका माणसासाठीच इतकी वर्षं जपला होता.

बरेच महिने भास्करराव काही बोलले नाहीत. मग सुभानरावांनी वडिलांचा फोटो लावला, जो बाहेरच्या खोलीत हार घालून टांगलेला होता तो. फत्तेसिंहराव ताठ बसलेले, कोटाची सगळी बटणं लावलेली, मिशा वळवलेल्या. चौथ्या दिवशी निरुपमा स्वयंपाकघरात आली ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"आई, भास्कररावांनी लिहिलंय. हे जरा वेगळं आहे."

"वाकडं आहे का?"

"वाकडं म्हणजे... म्हणतात कोटाची बटणं दिसतात, माणूस दिसत नाही."

कुसुमावतीने गॅस बारीक केला. मामंजींचा फोटो! ज्याला दसऱ्याला पहिलं सोनं वाहायचं, ज्याच्यासमोर घरात अजून कुणी पाय लांब करून बसत नाही, त्या फोटोवर असं? "ते नको सांगूस," ती म्हणाली. "त्यांच्या जिवाला लागेल. छान म्हणालेत म्हणून सांग."

"पुढेही लिहिलंय बरंच."

"चाळ ते."

निरुपमा बाहेर गेली. कुसुमावती कान देऊन उभी.

"बाबा, भास्करराव छान म्हणालेत."

खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग सुभानराव म्हणाले, "छान? एवढंच? परत बघ."

"खूप छान, म्हणालेत."

"भास्करराव?" आणि मग, अगदी हलक्या आवाजात, "तोही शेठच निघाला म्हणायचा."

त्यांनी बिस्किटांचा डबा कपाटात नेऊन ठेवला. भास्कररावांचं नाव परत घेतलं नाही. दुसऱ्यांच्या फोटोंवर मात्र बोलत राहिले, कारण तेवढं तरी कुणाच्या उपयोगी पडतंय असं त्यांना वाटत होतं.

दोन हजार आठच्या जानेवारीत, उत्तरायणाच्या पतंगांच्या दोऱ्या अजून झाडांना लटकत होत्या तेव्हा, मंडळाने बडोद्यात मेळावा घेतला. कमाटीबागेत, बँडस्टँडपाशी. तीसेक माणसं आली, गळ्यात नळकांड्यांएवढी भिंगं. निरुपमाला त्या दिवशी नेमकं डोकं दुखायला लागलं. तेव्हा सुभानराव इस्त्रीचा शर्ट घालून कुसुमावतीला घेऊन गेले, खिशात लाल पेन्सिल. सगळ्यांच्या चुका त्यांना पाठ होत्या.

आणि काय ते स्वागत! "अंकल आले, अंकल आले!" तरुण पोरंपोरी पाया पडत होती. सुरतवाला स्वतः पुढे आला, मिठीच मारली. "केम छो काका! तमारा जेवुं मीठुं कोई लखतुं नथी." तुमच्याएवढं गोड कुणी लिहीत नाही.

सुभानराव हसले. त्यांना वाटलं, टोमणा मारतोय. "समुद्र सरळ काढायला लागलात की नाही?"

"तो समुद्र सोडा काका, ते जुनं भांडण झालं."

"मग तो घोड्याचा फोटो होता तुमचा, त्याचं काय? घोड्याचे चारी पाय कापलेत, तो काय पोटावर सरपटणार आहे का, असं मी विचारलं होतं."

सुरतवाला गोंधळला. "काका, त्याच्यावर तुम्ही लिहिलंत, ब्युटिफुल हॉर्स, गॉड ब्लेस. मी तर तोच मोठा करून दिवाणखान्यात लावलाय."

कुसुमावती तिथे वेफर्सची बशी धरून उभी होती. बशीत किती वेफर्स आहेत ते तिने नीट बघून घेतलं, वर बघितलं नाही.

मग माइकवरून नाव पुकारलं. सगळ्यांना धीर देणारा सभासद म्हणून सुभानरावांना काचेची ढाल. टाळ्या. त्यांनी ती घेतली, उलटीसुलटी करून बघितली, ताकाच्या भांड्यासारखी काखेत धरली. खाली आले तर पुण्याची कौमुदी नावाची एक बाई वाट बघत होती.

"सुभानराव तुम्हीच ना? मला तुमच्याशी मराठीत बोलायचंय. रागावू नका. तुम्ही भास्कररावांशी असं का वागलात?"

"मी? काय केलं?"

"ते कुणाला लिहीत नसत. तुम्हाला एवढं लिहिलं, आणि तुम्ही नुसतं थँक यू सर, आशीर्वाद असू द्या? सहा महिन्यांनी त्यांनी परत विचारलं, तर तुम्ही एक पिवळं हसरं तोंड पाठवलंत. ते म्हणाले, गृहस्थाला ऐकायचंच नाहीये, मी उगाच जीव टाकला. गेल्या दिवाळीत गेले ते."

सुभानरावांनी काखेतली ढाल बाकावर ठेवली. "काय लिहिलं होतं त्यांनी?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"सांगा."

कौमुदीला पाठ होतं, ते सगळ्यांमध्ये गाजलं होतं म्हणे. "कोटाचं प्रत्येक बटण दिसतंय, माणूस दिसत नाही. तुम्ही यांना घाबरत होतात का? छापताना चेहरा काळा पडू नये म्हणून दिवा आणि कागद यांच्या मध्ये हात धरलाय तुम्ही, चेहऱ्याभोवती उजळ कड आली आहे. हात काढा. काळा होऊ द्या. आणि त्याच बैठकीतली पुढची निगेटिव्ह असणार तुमच्याकडे, जी तुम्ही छापली नाहीत. ती दाखवा. वाट बघतो."

दोघं परतायला रिक्षात बसली. ढाल बाकावरच राहिली होती, कुणीतरी धावत आणून दिली.

घरी आल्यावर सुभानराव निरुपमाला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, पहिल्यापासून सगळं वाच. मी म्हणून काय लिहिलंय ते, आणि मला काय आलंय ते." तीन संध्याकाळी ती वाचत होती. ब्युटिफुल. नाइस क्लिक. सुपर्ब सर. गॉड ब्लेस. मराठीत करून सांगताना तिचा आवाज बसला, तरी ते म्हणत, "पुढे." तिने सासूचं नाव एकदाही घेतलं नाही. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन, मान खाली घालून वाचत राहिली पोर.

तिसऱ्या दिवशी कुसुमावतीला ते सोसेना. "तिला काही म्हणू नका. मी सांगितलं होतं तिला, गोड करून लिही म्हणून."

"माहीत आहे," सुभानराव म्हणाले. "ती विम्याच्या कचेरीतली बाई. तिच्याकडे एवढी साखर कुठून येणार?"

"अहो, तुमच्यासाठीच केलं. परत कुणी तुम्हाला..."

"शेठही माझ्यासाठीच सांगत होता."

त्यावर तिच्याकडे उत्तर होतं, सोळा वर्षांचं होतं, भाजणी भाजताना धुराने चुरचुरलेल्या डोळ्यांचं होतं. पण ते आता काढून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बिस्किटांचा डबा काढला. वडिलांच्या त्या बैठकीच्या दोन निगेटिव्ह होत्या. पहिलीचा फोटो भिंतीवर होता. दुसरी त्यांनी कधीच छापली नव्हती, कारण तिच्यात फत्तेसिंहरावांनी कोट काढून मांडीवर घेतला होता. शिपायाच्या घरात बापाला कोटाशिवाय कुणी टांगत नाही. बेशिस्त दिसते.

ते खिडकीपाशी गेले आणि ती चिकटपट्टीएवढी पट्टी उजेडात धरली. कुसुमावतीही मागून बघत राहिली. निगेटिव्हमध्ये सगळंच उलटं, पांढऱ्या मिशा काळ्या कुळकुळीत, काळा कोट दुधासारखा. म्हातारा त्या कोटावर हात ठेवून खाली बघत होता. घोडा मेल्यावर त्याच्या मानेवर हात ठेवावा, तसा.

"बरोबर होतं त्याचं," सुभानराव म्हणाले.

"बाबा, मी ही उद्या स्कॅन करून आणते," दारातून निरुपमा म्हणाली. "मंडळात लावू या."

"कुणासाठी?"

ती आत येऊन संगणकापाशी बसली. मग तेच म्हणाले, "एक काम कर. भास्कररावांच्या त्या लिहिण्याखाली उत्तर लिही. मी सांगतो तसं."

त्यांनी सांगितलं. "तुमचं बरोबर आहे. मी घाबरत होतो. हात धरला होता. पुढची निगेटिव्ह आहे माझ्याकडे, तुम्हाला कशी कळली? तुमचं लिहिणं मला आज मिळालं. उशीर झाला त्याबद्दल तुम्ही माझ्यावर रागावून गेलात, तो राग मला मान्य आहे." कुसुमावती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून टकटक ऐकत होती. या वेळी ती बोलण्याएवढीच लांब चालली. एक अक्षर कमी नाही.

दोन दिवसांनी खाली उत्तर आलं होतं. सुरतेहून.

"काय म्हणतो?" सुभानरावांनी विचारलं.

निरुपमाने सासूकडे बघितलं. सासूने मान हलवली, सांग, खरं तेच सांग.

"नाइस थॉट, अंकल," निरुपमा म्हणाली. "आणि हात जोडलेले."

सुभानराव हसले. त्यांचं ते हसणं कुसुमावतीला पुढे आठवू नये असं वाटायचं, आणि तेच आठवायचं. त्यांनी आपल्या हाताने संगणकावर कापड घातलं आणि त्या खुर्चीमागे पुन्हा उभे राहिले नाहीत. काचेची ढाल काही दिवस फ्रिजवर होती, नंतर भाजणीच्या डब्याच्या झाकणावर वजन म्हणून ठेवली गेली. ते काम तिने उत्तम केलं.

वर्षभर ते असेच होते. जेवत, पेपर वाचत, कुणी काही दाखवलं, नातवाचं चित्र असो की शेजारणीची नवी साडी, तर म्हणत, "छान आहे." त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला की कुसुमावती हातातलं भांडं खाली ठेवून त्यांच्याकडे बघायची. सगळ्या सोसायटीत बोललं जाई, सुभानराव म्हातारपणी किती मऊ झाले.

फक्त बुधवार चुकला नाही. दोन हजार नऊच्या वैशाखातला जो बुधवार त्यांच्या आयुष्यातला शेवटचा ठरला, त्या दिवशीही त्यांनी सकाळी सायकल पुसली, कॅरिअरला डबा बांधला, दोरीला दोन गाठी मारल्या आणि निघाले. ऊन व्हायच्या आत यायचं म्हणून आठ वाजताच. घंटीवर तीन जणांचं आधी होतं, ते ओटीवर बसून राहिले. आपला नंबर आल्यावर उठून यंत्राच्या तोंडापाशी उभे राहिले, पहिल्या धारेतलं पीठ चिमटीत धरलं, चोळलं.

"आजे केवुं, काका?" आज कसं आहे, असं घंटीवाल्याने यंत्राच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"जाड आहे," सुभानराव ओरडले. "दगड गुळगुळीत झालाय तुझा. टाकी लाव."

"काले लगावीश."

उद्या लावतो. मान डोलावून त्यांनी डबा बांधला आणि साडेनऊला घरी आले. सायकल भिंतीला टेकवली, घाम पुसला, डबा आत आणून ओट्यावर ठेवला आणि झाकण उघडून तिच्यासमोर धरला.

"बघ. कसं आहे?"

कुसुमावतीने या वेळी पोळपाट बाजूला केला. डब्यात वाकून बघितलं, बोटांत पीठ घेतलं, चोळलं. कणी लागत होती. बोटांना साफ लागत होती. आणि तिच्या तोंडून निघालं, "छान आहे हो."

सुभानरावांनी डब्याचं झाकण लावलं, वर काचेची ढाल ठेवली, दोरी गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि जरा पडतो म्हणून बाहेरच्या खोलीत गेले.